ॲटिट्यूड म्हणजे नक्की काय? विमानापासून सोनोग्राफीपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, जास्त करून विज्ञान आणि शिक्षण या विषयांची. त्यामुळे ओळखीतले लोक शब्दांबद्दल विचारत असतात, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला शब्द हाच. स्पर्धा परीक्षेवाली मुलं विचारतात, लग्नात ड्रोन उडवणारा मुलगा विचारतो, रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली होणारी आई विचारते. प्रत्येकाचा ॲटिट्यूड वेगळा असतो म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. सोपे प्रश्न आधी, किचकट शेवटी.

एका वाक्यात सांगा ना, ॲटिट्यूड म्हणजे काय?

एखादी गोष्ट कशाच्या तरी मानाने कशी कललेली आहे, कशी धरलेली आहे, ते. विमान क्षितिजाच्या मानाने कसं कललंय, दगडाचा थर सपाट जमिनीच्या मानाने किती तिरका आहे, पोटातल्या बाळाची मान त्याच्याच छातीच्या मानाने किती वाकलीय, आणि माणसाचं मन एखाद्या विषयाकडे कुठल्या बाजूने झुकलंय. "कशाच्या मानाने" हा प्रश्न विचारला की अर्धं काम होतं, कारण प्रत्येक क्षेत्रात त्याचंच उत्तर बदलतं. बोलण्यातला "त्याला लई ॲटिट्यूड आहे" हा एकच अर्थ असा आहे की तिथे ही "कशाच्या मानाने" वाली बाजू गळून पडलीय, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

हा शब्द आला कुठून? आणि ॲप्टिट्यूडशी याचं काही नातं आहे का, की नुसतं यमक जुळतं?

नातं आहे, आणि सख्खं आहे. लॅटिनमध्ये आप्तुस म्हणजे योग्य, बरोबर बसणारा. त्यावरून आप्तितुदो झाला, तो इटालियनमध्ये जाऊन आत्तितुदिने झाला, तिथून फ्रेंचमधून इंग्रजीत ॲटिट्यूड म्हणून शिरला 17 व्या शतकात. ॲप्टिट्यूड, म्हणजे एखादं काम जमण्याची अंगातली क्षमता, हासुद्धा त्याच लॅटिन शब्दाचं लेकरू, फक्त ते वेगळ्या वाटेने आलं आणि त्याचा "प" शाबूत राहिला.

गंमत म्हणजे इंग्रजीत आला तेव्हा याचा मनाशी संबंधच नव्हता. तो चित्रकार आणि मूर्तिकार लोकांचा धंद्यातला शब्द होता, पुतळ्यातली किंवा चित्रातली आकृती कशी उभी आहे, हात कुठे, मान कुठे, एवढंच. मग हळूहळू लोक म्हणायला लागले की अंगाच्या ठेवणीवरून मनातलं कळतं, आणि अर्थ अंगाकडून मनाकडे सरकला. डार्विनने 1872 ला भावना चेहऱ्यावर आणि अंगावर कशा दिसतात यावर जे पुस्तक लिहिलं त्यात हा शब्द अजून अंगाच्या ठेवणीसाठीच येतो. मनाचा अर्थ नंतर एवढा मोठा झाला की मूळ अर्थच आता लोकांना विचित्र वाटतो.

मराठीत याला शब्द काय? "दृष्टिकोन" सगळीकडे चालेल ना?

नाही चालत. मी हे स्वतः चूक करून शिकलेय. सुरुवातीच्या काळात उपग्रहांवरचा एक लेख भाषांतर करताना मी "दृष्टिकोन नियंत्रण प्रणाली" असं लिहून मोकळी झाले, ते छापूनही आलं, आणि एका निवृत्त इंजिनिअर काकांनी पोस्टकार्ड पाठवून विचारलं की उपग्रहाला दृष्टिकोन असतो का हो ताई? तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबते.

मानसशास्त्रात "अभिवृत्ती" हा शब्द पाठ्यपुस्तकात रुळलेला आहे, परीक्षेत तोच लिहा. साध्या लेखात "दृष्टिकोन", "वृत्ती", "कल" यातलं जे बसेल ते. विमान-उपग्रहाला मी "कल" किंवा "कल आणि रोख" असं लिहिते आणि पहिल्यांदा येतो तिथे ॲटिट्यूड हाच शब्द देवनागरीत ठेवते, कारण त्या क्षेत्रातली मराठी माणसंही तोच बोलतात. तोऱ्याच्या अर्थाला तर आपल्याकडे शब्दांची रास आहे, माज, तोरा, गुर्मी, मिजास, भाव खाणे.

पण मला सगळ्यात आवडणारा शब्द वेगळाच आहे, "पवित्रा". लाठीकाठी किंवा दांडपट्टा शिकवताना आधी पवित्रा शिकवतात, पाय किती फाकवायचे, वजन कुठल्या पायावर, गुडघा किती वाकवायचा. म्हणजे निव्वळ अंगाची ठेवण. आणि तोच शब्द आज पेपरात रोज येतो, "कर्मचारी संघटनेने आक्रमक पवित्रा घेतला", तिथे कोणी गुडघे वाकवून उभं नसतं. अंगाकडून मनाकडे जो प्रवास ॲटिट्यूडने युरोपात केला, तोच आपल्या शब्दाने इथे आखाड्यातून केला, कोणाची नक्कल न करता. "आपला ॲटिट्यूड काय आहे या विषयावर" असं कोणी म्हटलं की तिथे पवित्रा किंवा भूमिका टाकून बघा, बऱ्याचदा चपखल बसतं.

तो ॲटिट्यूड की ती ॲटिट्यूड?

बहुतेक लोक पुल्लिंगी वापरतात, "काय त्याचा ॲटिट्यूड", "तिचा ॲटिट्यूड". स्त्रीलिंगी कानावर आलं तर चूक म्हणून कोणाला टोकू नका, बाहेरून आलेल्या शब्दांचं लिंग ठरायला वेळ लागतो.

"तिला खूप ॲटिट्यूड आहे" हे कौतुक आहे की शिवी?

दोन्ही होऊ शकतं. अमेरिकन बोलीत 1960 च्या सुमाराला "बॅड ॲटिट्यूड" मधला बॅड गळाला आणि नुसत्या ॲटिट्यूडचाच अर्थ उर्मटपणा असा व्हायला लागला. नंतर त्याचीच दुसरी बाजू आली, ठसका, स्वतःवरचा भरवसा, कोणाला न घाबरणं. आपल्याकडे दोन्ही एकदमच आले. फोटोखाली "फुल ॲटिट्यूड" म्हणजे कौतुक, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या "सुनेला ॲटिट्यूड आहे" तर ते कौतुक नाही. मराठीत चांगल्या अर्थाला "बाणा" आहे आणि वाईटाला "माज", इंग्रजी शब्दात मात्र दोन्ही एकाच पिशवीत पडतात.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती सांगते. मुलगा "नाही जमणार" म्हणाला तर तो स्पष्टवक्ता, मुलगी तेच म्हणाली तर तिला ॲटिट्यूड. शब्द नवा आला पण काम जुनंच करायला लागला. कोणाबद्दल हा शब्द वापरायच्या आधी "कशाबद्दल ॲटिट्यूड?" असं विचारून बघा. उत्तर देता आलं नाही तर बहुतेक वेळा त्या व्यक्तीने फक्त नकार दिलेला असतो.

ए म्हणजे 1, बी म्हणजे 2 अशी अक्षरांची बेरीज केली तर ॲटिट्यूडचे बरोबर 100 होतात, हे खरं आहे का?

बेरीज खरी आहे, 1+20+20+9+20+21+4+5, शंभरच होतात. पण इंग्रजीतल्या स्ट्रेसचे पण 100 होतात, डिसिप्लिनचे पण, आणि टेलिफोनचे पण. त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही. मुलांना बेरीज शिकवायला मात्र छान आहे.

मानसशास्त्रात ॲटिट्यूड म्हणजे नक्की काय धरतात?

एखाद्या व्यक्तीबद्दल, वस्तूबद्दल किंवा विषयाबद्दल मनात तयार झालेलं बरं-वाईट मत, जे बऱ्यापैकी टिकून राहतं. तीन भाग सांगतात, भावना, वर्तन आणि विचार. उदाहरण घ्या, सरकारी दवाखाना. "तिथे औषधं चांगली मिळतात" हा विचार झाला, "तिथे गेलं की मला सुरक्षित वाटतं" ही भावना, आणि ताप आला की पाय तिकडेच वळतात हे वर्तन. तिन्ही एकाच दिशेला असतील असं नाही, औषधं चांगली आहेत हे पटलेलं असतं तरी पाय खासगीकडे वळतात, आणि अभ्यास करण्यासारखी जागा तीच आहे.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने 1935 ला जी व्याख्या केली त्यात मुख्य शब्द आहे तयारी, म्हणजे मन आणि मज्जासंस्था दोन्ही अनुभवातून एका बाजूला तयार होऊन बसलेली असतात, समोर ती गोष्ट आली की प्रतिसाद तिकडे झुकतो. वरती पवित्र्याबद्दल लिहिलंय ते परत वाचा, वार यायच्या आधीच अंग तयार असतं ना, तेच.

मनातला ॲटिट्यूड मोजता कसा येतो? ती काय उंची आहे का?

हीच शंका त्या काळातही होती, म्हणून मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टनने 1928 ला लेख लिहिला त्याचं नावच "ॲटिट्यूड मोजता येतात" अशा अर्थाचं होतं. त्याची पद्धत किचकट होती. मग 1932 ला रेन्सिस लिकर्टने सोपी पद्धत काढली, एक विधान द्यायचं आणि समोर पाच पर्याय, पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. आज ॲपवर, बँकेत, कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मवर जे पाच गोल भरायला लागतात ते त्याच्यामुळे. (आपल्याकडे लायकर्ट म्हणतात सर्रास, पण त्याच्या नावाचा उच्चार लिकर्ट.) खरी लिकर्ट स्केल म्हणजे एक प्रश्न नाही, एकाच विषयावरची अनेक विधानं घेऊन त्यांच्या गुणांची बेरीज करायची असते. प्रोजेक्ट करणारी मुलं एकच प्रश्न टाकून "लिकर्ट स्केल वापरली" असं लिहितात, ते नका करू.

एखाद्याचा ॲटिट्यूड कळला की तो कसा वागेल हे सांगता येतं का?

वाटतं तितकं नाही. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएरचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. 1930 च्या आसपास अमेरिकेत चिनी लोकांबद्दल उघड तिरस्कार होता, तेव्हा तो एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन देशभर फिरला. हॉटेलं आणि खाणावळी मिळून 251 ठिकाणी ते गेले, आणि नकार मिळाला फक्त एकदा. काही महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवलं, "तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का?" 128 उत्तरं आली आणि 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हणून कळवलं. हे त्याने 1934 ला छापलं.

कागदावर नाही म्हणणं सोपं असतं, दारात उभ्या असलेल्या, नीट कपडे घातलेल्या, हसून बोलणाऱ्या जोडप्याला नाही म्हणणं अवघड. अर्थात प्रयोगात त्रुटी होती, पत्राला उत्तर देणारा माणूस आणि काउंटरवरचा माणूस एकच होता की नाही हे माहीत नव्हतं, आणि शिवाय जोडप्यासोबत लापिएर स्वतः, म्हणजे एक गोरा प्रोफेसर होता. पण मूळ मुद्दा पुढेही टिकला. म्हणून आता सांगतात की ॲटिट्यूड जितका नेमक्या गोष्टीबद्दल विचाराल तितका वागण्याचा अंदाज बरा येतो. "तुम्हाला पर्यावरणाची काळजी आहे का" यावरून काही कळत नाही, "येत्या महिन्यात ऑफिसला बसने जाल का" यावरून थोडं कळतं.

यूपीएससीच्या एथिक्स पेपरात ॲटिट्यूड आणि ॲप्टिट्यूड दोन्ही आहेत, फरक कसा लिहायचा?

2013 पासून मुख्य परीक्षेत जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, चौथा पेपर आला, 250 मार्कांचा, त्याच्या नावातच ॲप्टिट्यूड आहे आणि अभ्यासक्रमात ॲटिट्यूड हा वेगळा मुद्दा आहे, त्याची रचना, त्याचं कार्य, विचार आणि वर्तनाशी संबंध, नैतिक आणि राजकीय ॲटिट्यूड, मन वळवणं वगैरे. फरक सोपा आहे. ॲप्टिट्यूड म्हणजे शिकून एखादं काम जमण्याची अंगातली क्षमता, ॲटिट्यूड म्हणजे त्या कामाकडे किंवा माणसांकडे मन कसं झुकलंय. एखाद्या अधिकाऱ्याला आकडे पटकन कळतात, फाइल झटकन समजते, ही ॲप्टिट्यूड. पण दुष्काळी गावातून आलेल्या म्हातारीला तो बसायला सांगतो की दारातच उभं ठेवतो हे ॲटिट्यूडवर ठरतं. मूळ शब्द एकच होता हे वर लिहिलंय, उत्तराच्या सुरुवातीला एक ओळ म्हणून वापरलीत तर छान दिसेल. रचना आणि वर्तनाशी संबंध यासाठी वरचे तीन प्रश्न पुरतात, लापिएर नक्की टाका.

विमानाचा ॲटिट्यूड म्हणजे काय? माझा मुलगा म्हणतो की तो ॲल्टिट्यूड असणार, टायपिंगची चूक.

चूक नाही, दोन्ही वेगळे शब्द आहेत आणि कॉकपिटमध्ये दोन्ही लागतात. ॲल्टिट्यूड म्हणजे उंची. ॲटिट्यूड म्हणजे विमानाचा कल.

मोबाईल टेबलावर आडवा ठेवा, स्क्रीन वर, वरची कड तुमच्यापासून लांब. ती लांबची कड उचला, हा पिच, नाक वर. आता डावी कड उचला, हा रोल. आता टेबलावरच सपाट ठेवून चकतीसारखा फिरवा, हा यॉ. हे तीन आकडे सांगितले की फोन कसा धरलाय ते पूर्ण कळतं, आणि तुमच्या आयफोनच्या आत प्रोग्रामर लोकांना जी माहिती मिळते तिचं अधिकृत नावसुद्धा ॲटिट्यूडच आहे. आता फोन तसाच्या तसा धरून जिन्याने वर जा. ॲल्टिट्यूड बदलली, ॲटिट्यूड तोच.

चांद्रयान-3 च्या वेळीही हा घोळ होण्यासारखा होता. 23 ऑगस्ट 2023 ला विक्रम उतरताना 30 किलोमीटरवरून साधारण 7.4 किलोमीटरपर्यंत आला आणि मग 10 सेकंदांचा एक टप्पा होता, त्याचं नाव ॲटिट्यूड होल्ड. ऐकायला ॲल्टिट्यूड वाटतं, पण उंची धरून ठेवलेली नव्हती, त्या 10 सेकंदांत यान 6.8 किलोमीटरपर्यंत खाली आलंच. धरून ठेवलेला होता तो कल.

पायलटला खिडकीतून दिसतं ना विमान कललंय का, मग ॲटिट्यूड दाखवायला वेगळं यंत्र कशाला?

रात्री किंवा ढगात काही दिसत नाही, आणि अंगाला जे वाटतं ते चक्क खोटं असतं. आपल्या कानातली तोल सांभाळणारी रचना हळूहळू आलेला कल पकडतच नाही, आणि वळणाऱ्या विमानात आपण सीटवर सरळ दाबले जातो त्यामुळे सपाट आहोत असंच वाटतं. म्हणून आर्टिफिशियल होरायझन नावाचं यंत्र असतं. एक गोल काच, वरचा अर्धा निळा म्हणजे आकाश, खालचा तपकिरी म्हणजे जमीन, मधे पांढरी रेघ म्हणजे क्षितिज, आणि त्यावर विमानाची छोटी खूण. आत जायरोस्कोप, म्हणजे जोरात फिरणारं आणि आपली दिशा न सोडणारं चाक. 24 सप्टेंबर 1929 ला जिमी डूलिटलने अमेरिकेत फक्त यंत्रांकडे बघून, बाहेरचं काहीही न दिसता, विमान उडवून परत उतरवलं, तेव्हा हे यंत्र कामाला आलं.

आणि ते बिघडलं तर काय होतं हे मुंबईने पाहिलंय. 1 जानेवारी 1978, संध्याकाळ उलटून गेलेली. एअर इंडियाचं "सम्राट अशोक" हे बोइंग 747 विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. समुद्रावर आल्यावर विमानाने उजवीकडे थोडं वळण घेतलं आणि परत सपाट झालं, पण कॅप्टनसमोरचं ॲटिट्यूड दाखवणारं यंत्र उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज नाहीच. कॅप्टनने तो नसलेला उजवा कल दुरुस्त करायला विमान डावीकडे झुकवलं, आणि झुकवतच गेले. बाजूची यंत्रं बरोबर दाखवत होती, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून सावरायला वेळ उरला नाही. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर विमान समुद्रात पडलं. 213 माणसं होती, कोणीच वाचलं नाही. चौकशीत कारण म्हणून हेच आलं की यंत्र बिघडल्यावर विमानाच्या ॲटिट्यूडची जाणीवच राहिली नव्हती. बँडस्टँडला गेले की अजूनही माझी नजर त्या पाण्याकडे जाते. हा शब्द मी हलक्याने घेत नाही त्याचं खरं कारण हे आहे.

उपग्रहाला तर वर-खाली काहीच नसतं, मग त्याचा ॲटिट्यूड कशाच्या मानाने?

चांगला प्रश्न. ताऱ्यांच्या मानाने, सूर्याच्या मानाने किंवा पृथ्वीच्या मानाने, जे काम असेल तसं. उपग्रहावर तारे ओळखणारे कॅमेरे असतात, सूर्य शोधणारे सेन्सर असतात, जायरो असतात. आणि वळायला रिॲक्शन व्हील, म्हणजे आत एक जड चाक, ते एका बाजूला फिरवलं की अख्खा उपग्रह उलट बाजूला वळतो. हे जमलं नाही तर सोलर पॅनल सूर्याकडे राहत नाहीत, अँटेना पृथ्वीकडे राहत नाही, मग उपग्रह कितीही बरोबर कक्षेत असला तरी उपयोग नाही.

जपानचा हितोमी उपग्रह 2016 च्या फेब्रुवारीत सोडला, पुढच्याच महिन्यात गेला. त्याच्या यंत्रणेला वाटलं आपण गरगर फिरतोय, प्रत्यक्षात तो स्थिर होता. नसलेलं फिरणं थांबवायला तिने चाकं फिरवली, त्याने तो खरंच फिरायला लागला, मग सुटका म्हणून थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, चालवले तर त्यातल्या सूचना चुकीच्या, वेग अजून वाढला आणि भाग तुटून उडाले. वरचा मुंबईचा अपघात आठवा. तिथे माणूस होता, इथे सॉफ्टवेअर, पण चूक अगदी तीच, नसलेला कल दुरुस्त करणं.

ड्रोनवर अचानक "ॲटी" लिहून आलं आणि तो वाऱ्याबरोबर वाहत मंडपाकडे गेला, बिघडला का?

बिघडला नाही. ॲटी म्हणजे ॲटिट्यूड मोड. जीपीएस मिळेनासं झालं किंवा होकायंत्र गडबडलं की डीजेआय कंपनीचे बरेच ड्रोन या मोडमध्ये जातात. त्यात ड्रोन फक्त स्वतःला सपाट ठेवतो आणि उंची सांभाळतो, जागा सांभाळत नाही. जागेवर थांबवायचं काम तुमच्या हाताचं. घाबरून स्टिक सोडून देऊ नका, नेहमी सोडली की तो थांबतो तसा इथे थांबणार नाही. मोकळ्या मैदानात सराव करून ठेवा, लग्नाच्या गर्दीवर पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये "ॲटिट्यूड: फ्लेक्स्ड" लिहिलंय. बाळाच्या स्वभावाबद्दल आहे का हे? काळजीचं आहे का?

स्वभावाशी काही संबंध नाही आणि फ्लेक्स्ड हे चांगलं आहे. बाळाच्या अंगाचे भाग एकमेकांच्या मानाने कसे आहेत ते हा शब्द सांगतो. फ्लेक्स्ड म्हणजे बाळाने छान मुटकुळं केलंय, हनुवटी छातीला टेकलेली, पाठ वाकलेली, हातपाय पोटाशी. थंडीत आपण गोधडीत झोपतो तसं.

रिपोर्टमध्ये अजून तीन शब्द असतात ते गोंधळवतात म्हणून सांगते. लाय म्हणजे बाळ उभं आहे की आडवं. प्रेझेंटेशन म्हणजे खाली काय आलंय, डोकं की पाय-कुल्ले. पोझिशन म्हणजे खाली आलेल्या भागाचा, डोकं असेल तर त्याच्या मागच्या बाजूचा, रोख आईच्या कटिभागात कुठे आहे. हे तिन्ही आईच्या मानाने मोजतात. ॲटिट्यूड एकटाच बाळाचा स्वतःच्याच मानाने.

एवढं महत्त्व का, तर डोक्याची कुठली बाजू आधी येणार हे त्यावर ठरतं. हनुवटी नीट छातीला असेल तर डोक्याचा सगळ्यात लहान व्यास पुढे येतो, साधारण 9.5 सेंटिमीटर. मान मागे जाऊन कपाळ पुढे आलं तर तोच साधारण 13.5 होतो. चार सेंटिमीटरचा फरक म्हणजे तिथे फार मोठा फरक. मधली एक अवस्था आहे, मान ना पुढे ना मागे, ताठ सरळ, तिला मिलिटरी ॲटिट्यूड म्हणतात, सावधान उभ्या असलेल्या जवानासारखी. ते वाचून घाबरू नका, कळा सुरू झाल्यावर बऱ्याच बाळांची मान आपोआप वाकते. तुमच्या बाबतीत त्याचा काय अर्थ ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, रिपोर्टवरचा एक शब्द वाचून ठरवू नका.

जिऑलॉजीत दगडाला ॲटिट्यूड कसा असतो?

थर किती आणि कुठे कललाय ते. दोन गोष्टी सांगतात, स्ट्राइक आणि डिप. बादलीत पाणी घ्या आणि एक पाटी तिरकी करून अर्धी बुडवा. पाटीवर पाण्याची जी आडवी रेघ उमटते तिची दिशा म्हणजे स्ट्राइक. पाटीवर थेंब सोडला तर तो ज्या दिशेने घरंगळेल ती डिपची दिशा, आणि पाटी किती अंशांनी तिरकी आहे तो डिपचा कोन. शेतातल्या विहिरीपासून धरणापर्यंत सगळ्याला हे लागतं, कारण पाणी थरांमधून कुठे जाणार ते कळतं.

घाटात गाडी चढताना बाहेर बघा, सह्याद्रीचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पायऱ्यांसारखे. या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. पण खाली कोकणात उतरलात की पनवेलच्या पट्ट्यात हेच थर पश्चिमेला, समुद्राकडे वाकलेले आहेत, त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. तोच दगड, तोच लाव्हा, ॲटिट्यूड वेगळा.

बॅलेमध्ये पण ॲटिट्यूड असतो म्हणे?

असतो. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मागे किंवा पुढे उचलायचा आणि गुडघ्यात वाकवायचा. पाय सरळ मागे ताणला तर तो ॲराबेस्क, वाकवला की ॲटिट्यूड. ही मुद्रा बॅलेचे गुरू कार्लो ब्लासिसने शिल्पकार जांबोलोन्याच्या, रोमन बुध देवाच्या ब्राँझच्या पुतळ्यावरून घेतली असं मानतात, म्हणजे शब्द परत आपल्या मूळ घरी, मूर्तीकडे. आपल्याकडे मूर्तिशास्त्रात याला भंग म्हणतात, समभंग म्हणजे सरळ, आभंग म्हणजे थोडा बाक, त्रिभंग म्हणजे मान, कंबर आणि गुडघा असे तीन बाक. अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी बघा. मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या, हातात कमळ, नजर खाली. त्या बाकातूनच त्याची करुणा कळते, चेहरा झाकून बघितला तरी कळते.

तत्त्वज्ञानातला "प्रपोझिशनल ॲटिट्यूड" काय आहे?

बर्ट्रांड रसेलने वापरात आणलेला शब्द. "पाऊस पडेल" हे एक विधान. मला वाटतं की पाऊस पडेल, मला भीती आहे की पाऊस पडेल, माझी इच्छा आहे की पाऊस पडावा, या सगळ्यात विधान तेच पण माझं मन त्याच्याकडे वेगवेगळ्या पद्धतीने वळलंय. गंमत अशी की यात एका नावाजागी त्याच वस्तूचं दुसरं नाव टाकता येईलच असं नाही. आजीला पक्कं माहीत आहे की पहाटेची शुक्राची चांदणी लखलखते. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी ती ठळक चांदणी तीच आहे हे मात्र तिला माहीत नाही. वस्तू एकच, तरी आजीच्या माहितीत एक आहे, दुसरी नाही.

एकाच पुस्तकात दोन्ही अर्थ आले तर कसं ओळखायचं?

हा सगळ्यात किचकट, आणि तो खरंच येतो, पायलट लोकांच्या पुस्तकात. एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक सांभाळणारी सरकारी संस्था, तिच्या शिकवणीत "हॅझर्डस ॲटिट्यूड" म्हणून पाच सांगतात, मला कोणी सांगायचं नाही, लवकर काहीतरी करून टाकू, मला काही होत नाही, मी करून दाखवतो, आणि आता माझ्या हातात काय आहे. हे पाचही पायलटच्या मनाबद्दल, इथे "घातक मनोवृत्ती" लिहायचं. त्याच पुस्तकात "अनयुज्युअल ॲटिट्यूड" येतो, तो विमानाबद्दल, म्हणजे विमान नको इतकं कललंय, नाक फार वर किंवा खाली गेलंय, त्यातून बाहेर कसं काढायचं. तिथे मनोवृत्ती लिहिलं तर शिकणारा मुलगा चुकीचं शिकेल. मी शेजारचे शब्द बघते. पिच, रोल, अंश, क्षितिज आसपास असतील तर विमान. निर्णय, धोका, दबाव असं काही असेल तर माणूस. आणि तरीही शंका राहिली तर त्या क्षेत्रातल्या माणसाला फोन लावते. ते पोस्टकार्डवाले काका अजून फोन उचलतात, आणि अजून "कशाच्या मानाने?" असंच पहिल्यांदा विचारतात.